'अनचेन्ड मेलडी': नावात साखळी आली कुठून?

प्रश्न (रेवा): बाबांची जुनी कॅसेट काल सापडली. हे गाणं सलग चार वेळा ऐकलं. सगळे शब्द विरहाचे, पण 'अनचेन्ड' (साखळीतून सुटलेला) एकदाही येत नाही. मग हे नाव का? आणि गाणारे राइटियस ब्रदर्स ही तर जोडी, मला आवाज एकाचाच का ऐकू येतो?

जुनीतबकडी: नाव सिनेमाचं आहे. १९५५ चा 'अनचेन्ड', तुरुंगावरचा. संगीत अॅलेक्स नॉर्थचं, शब्द हाय झॅरेटचे. त्यात ते टॉड डंकन गातो. हा १९३५ च्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातला (संगीतनाटकातला) पहिला पोर्गी, केवढा गायक! आता ते कैद्याचं गाणं म्हणून ऐका. वेळ सरत नाही, घरी कोणी वाट पाहील का, ही धास्ती. माझ्या तर अंगावर काटा येतो.

सुरेल_नाशिक: रेवाताई, तुमचे कान बरोबर आहेत. १९६५ च्या त्या ध्वनिमुद्रणात बॉबी हॅटफिल्ड एकटाच गातो, बिल मेडली नाही. (ते सख्खे भाऊही नव्हते.) आणि हे गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला होतं! पुढे होतं 'हंग ऑन यू'. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून हेच वाजवलं.

रेवा: मागच्या बाजूला! बाबांना ते १९९० च्या 'घोस्ट'मुळे कळलं होतं, म्हणून मी त्याच सिनेमाचं समजत होते. आज त्यांना फोन करून कैद्याची गोष्ट सांगते.