विकिपीडियावरील लेखाचा मराठी अनुवाद विक्रीच्या पुस्तिकेत छापता येईल का?

वाचनप्रेमी: आमच्या वाचनालयाला आरोग्यविषयक मराठी पुस्तिका काढून माफक किमतीत विकायची आहे. इंग्रजी विकिपीडियावरील मधुमेहाच्या लेखाचा अनुवाद मी केला आहे. दुसऱ्या एका संकेतस्थळावरील लेखाचाही करायचा आहे. त्याखाली ‘सीसी बाय-एनसी-एनडी’ असे क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या खुल्या परवान्यांपैकी एकाचे नाव लिहिले आहे. मूळ मजकूर खुला असला, तर अनुवादाचे सर्व हक्क माझेच राहतात का?

दक्षिणायन: अनुवादातील शब्दरचनेवर तुमचा हक्क असतोच, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ नुसार अनुवादाचा अधिकार मूळ हक्कधारकाचा असल्यामुळे, तो तुम्हाला ज्या परवान्याने मिळाला त्याच्या अटी पाळाव्याच लागतात. विकिपीडियाचा मजकूर २०२३ पासून ‘सीसी बाय-एसए ४.०’ परवान्याखाली आहे. विक्रीला त्याची हरकत नाही. मात्र मूळ लेखाचा पत्ता, परवान्याचे नाव आणि हा अनुवाद असल्याची नोंद छापावी लागेल, शिवाय अनुवादही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागेल. म्हणजे उद्या कोणी याच अटी पाळून तो छापला आणि विकला, तरी तुम्हाला अडवता येणार नाही. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळेच मराठीत आलेले ज्ञान पुन्हा कुलूपबंद होत नाही. पुस्तिकेतील इतर स्वतंत्र लेखांना ती लागू होत नाही. चित्रांचे परवाने निराळे असतात, ते एकेक तपासा.

मुद्रितशोधक: दुसरा लेख तूर्त बाजूला ठेवा. ‘एनसी’मुळे विक्रीची वाट बंद होते आणि ‘एनडी’मुळे रूपांतर इतरांना देता येत नाही, अनुवाद हेही रूपांतरच असल्याने तो फुकट वाटणेसुद्धा परवान्यात बसत नाही. स्वतःच्या अभ्यासापुरता करायला मात्र आडकाठी नाही. खुला परवाना म्हणजे सर्वांना आगाऊ दिलेली परवानगी असते आणि हक्कधारक तिच्यापलीकडची परवानगी एखाद्याला स्वतंत्रपणे देऊ शकतो. तेव्हा पत्र लिहून लेखी संमती मागा, आणि पुस्तिका विकली जाणार आहे हे त्यात स्पष्ट लिहा.

जुनीपाने: पुढे जुने साहित्य घ्यायचे ठरल्यास एक गोष्ट सांभाळा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. टॉलस्टॉय १९१० मध्ये वारले, त्यामुळे त्यांचे मूळ रशियन लेखन प्रताधिकारमुक्त आहे. परंतु आज हयात असलेल्या अनुवादकाने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद तसा नाही, आणि त्यावरून मराठी करायचे असेल तर त्या हक्कधारकाची परवानगी लागते.