फुलांच्या नादात पायाखालची अंडी
समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीची फुलं सकाळीच बघावीत, दुपारी ती मिटतात, हे या वेलीवरच्या एका लेखात म्हटलंय ते अगदी खरं. पण फोटोसाठी थेट वेलींच्या जाळीत शिरायचा त्यातला सल्ला मात्र पटला नाही. वसंत सरताना केंटिश चिखल्या हा किनाऱ्यावरचा छोटा पक्षी तिथेच, भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत, साध्या खळग्यात अंडी घालतो. बहुतेकदा 3, वाळूच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची. पायाशी असली तरी दिसत नाहीत.

एकदा एक चिखल्या माझ्यापुढे मोडल्यासारखा पंख ओढत धावू लागला. जखमी समजून मी त्याच्यामागे गेले. तो मला घरट्यापासून लांब नेत होता, हे नंतर कळलं. (एवढासा जीव, पण काय धीर!) असं दिसलं तर आल्या पावलांनी मागे फिरा, पक्षी उठला की उघडी अंडी उन्हात तापतात. चालायला ओली वाळूच बरी.