'धीर धरणे' आणि 'धीर करणे' : निघणाऱ्या बाईसाठी मराठीत शब्द कोणता?

शिवडीची:

माझी एक मैत्रीण आहे, कांदिवलीला राहते. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी सात वर्षांची. नवऱ्याने तिच्यावर कधी हात उचललेला नाही. जेवायला बसला की पहिला घास घेतो आणि ताट चार बोटं पुढे सरकवतो. पुढचे तीन दिवस घरात तिच्याशी अवाक्षर बोलत नाही. चौथ्या दिवशी तिने माफी मागायची. कशाची, ते तिला ठाऊक नसतं. ती नोकरी करते, पण तिचं कार्ड त्याच्या पाकिटात असतं आणि रेल्वेच्या पासाचे पैसे मागून घ्यावे लागतात. "काल तुम्ही असं म्हणालात," असं ती म्हणाली तर उत्तर ठरलेलं: "मी म्हणालोच नाही. तुला हल्ली भास होतात."

गेल्या महिन्यात तिच्याबरोबर एका पोलीस चौकीत गेले होते. समोरच्या माणसाने विचारलं, "मारतो का?" "नाही." "पितो?" "नाही." "बाहेर काही?" "नाही." "मग त्रास काय आहे?" ती म्हणाली, "तोच ना. त्रास आहे." आणि तिचे शब्द तिथेच संपले. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला तेव्हा म्हणाली, "जन्मापासून मराठी बोलतेय गं, आणि मला सांगताच आलं नाही."

तिच्या आईचं म्हणणं एकच: "धीर धर." मी तिला सांगत होते, "जरा धीर कर." रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघी तिला अगदी उलट गोष्टी सांगतोय आणि शब्द एकच वापरतोय. धीर धरायचा म्हणजे राहायचं, धीर करायचा म्हणजे निघायचं.

म्हणून दोन प्रश्न. तिच्यावर जे चाललंय त्याला नेमका शब्द कोणता? आणि ती उद्या निघाली तर त्या निघण्याला कोणता?

पार्लेकर:

ताई, 'त्रास' हा शब्द तुमच्या मैत्रिणीने चुकीचा वापरला नाही. तो आपणच पातळ केलाय. गुडघ्याचा त्रास, ॲसिडिटीचा त्रास, शेजारच्या बांधकामाचा त्रास. संस्कृतात 'त्रास' म्हणजे भीती, आणि 'त्रस्त' म्हणजे भ्यालेला. 'छळ'चंही तसंच. मूळ 'छल' म्हणजे कपट, फसवणूक. हिंदीत तो अर्थ आजही आहे. मराठीत छळ म्हणजे पीडा झाली आणि कपट मागे पडलं. हे दोन्ही जुने अर्थ एकत्र ठेवले, भीती आणि फसवणूक, तर तुम्ही लिहिलेल्या घराचं वर्णन होतं.

"तुला भास होतात" याला तर आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे: वेड्यात काढणे. 'तो तिला वेड्यात काढतो' असं म्हटलं की आजीलाही कळतं आणि कॉलेजातल्या पोरीलाही.

शिवडीची:

'वेड्यात काढणे' मी नेहमी वापरते, पण दुकानदाराबद्दल, बिल्डरबद्दल. नवऱ्याबद्दल वापरायचं कधी सुचलं नव्हतं. तिला आजच सांगते.

गिरगावातली मावशी:

आमच्या आईच्या तोंडी 'जाचकाच' होता. जाच सगळ्यांना ठाऊक आहे, सासूचा जाच. पण 'काच' हा त्यातला खरा शब्द. परकराची नाडी काचते. दिवसभर काम करताना कळतसुद्धा नाही, रात्री सोडली की कमरेला हात लावून बघावं, वळ असतो. वर्षानुवर्षं काचली तर तिथली कातडी काळी पडते आणि मग तिथे काही वाटेनासं होतं. मार हा बाहेरून येतो, काच हा अंगावर जे बांधलंय त्याचाच असतो. तुमच्या मैत्रिणीला काच आहे, बाई.

शिवडीची:

मावशी, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. 'वाटेनासं होतं' हेच तिचं झालंय. तो तीन दिवस बोलला नाही तर पूर्वी ती रडायची. आता म्हणते, "बरं असतं, शांतता असते."

आणि या न बोलण्यालाही शब्द धड नाही. 'अबोला' म्हणावं तर तो किती लाडिक शब्द! नव्या जोडप्याचा अबोला, रुसवा, मग समजूत. दोघंही बरोबरीचे असतील तर अबोला. एकाने धरायचा आणि दुसऱ्याने त्याची शिक्षा भोगायची, याला तोच शब्द वापरला की ऐकणाऱ्याला हसू येतं. तिच्या नणंदेला खरंच आलं होतं.

वकील, वांद्रे:

शब्दांवरून आमचं रोजचं काम अडतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, चौकीतला तो प्रश्न अपुरा होता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याचं कलम 3 हिंसाचार म्हणजे काय ते सांगतं: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक. अपमान, टिंगल, घालूनपाडून बोलणं, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, जवळच्या माणसाला इजा करीन अशा वारंवार धमक्या, हे सगळं शाब्दिक आणि भावनिक हिंसेत येतं. कार्ड काढून घेणं आर्थिक हिंसेत. यासाठी अंगावर वळ असायची अट नाही, आणि लग्न झालेलंच असावं अशीही नाही. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्रीही अर्ज करू शकते.

दुसरी गोष्ट अर्जाच्या भाषेची. दहातल्या नऊ अर्जांत 'शारीरिक व मानसिक त्रास दिला' हे एकच वाक्य असतं. छापील फॉर्मसारखं. वाचणारा त्याच्यावरून पुढे सरकतो. मी माझ्या अशिलांना विशेषणं लिहूच देत नाही. ताट किती वाजता सरकवलं, काय म्हणाला, त्याचेच शब्द, मुलगी तेव्हा कुठे होती, एवढंच लिहा. तारखांची एक वही ठेवा आणि ती घराबाहेर ठेवा. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडायला हवी आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. वकिलाच्या पैशांची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्न विचारलं जात नाही. पोलिसांच्याच व्यवस्थेत बसून काम करणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष मुंबईत 1984 पासून आहे, टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला. तिथे समाजकार्य शिकलेली माणसं ऐकून घेतात. आणि रात्री-अपरात्री 181, महिलांची हेल्पलाइन.

आता शब्द. निघालेल्या बाईला पहिलं पाकीट येतं त्याला आमच्याकडे सगळे 'नांदायला येण्याची नोटीस' म्हणतात. नांदणे! सुखाने राहणे असा अर्थ असलेला शब्द, आणि तो नोटिशीत. बाई नांदते, नवरा तिला नांदवतो. 'तो तिच्याकडे नांदतो' असं कधी ऐकलंय?

पार्लेकर:

वकीलताई, या नांदण्याचा इतिहास आपल्याच शहरातला आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने 1884 साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर होऊन परत आल्या.

वेगळं होण्याचे बाकीचे शब्द पाहा. 'घटस्फोट' मुळात पतित ठरवलेल्या माणसाशी आप्तांनी संबंध तोडण्याचा विधी, पाण्याचा घट उलथून टाकायचा. म्हणजे बाहेर काढणाऱ्यांचा शब्द. 'सोडचिठ्ठी' दिली जाते. 'टाकलेली' आणि 'परित्यक्ता' तर उघडच आहेत, कर्ता नवरा, ती कर्म. 'काडीमोड' त्यातल्या त्यात बरा, कारण तो घेताही येतो. ज्या बाईने स्वतः पाऊल उचललं तिच्यासाठी मला नाम सापडत नाही.

चर्नी रोड:

आमच्या वयाचे 'टॉक्सिक' म्हणतात आणि 'ब्रेकअप'. मी पण म्हणते. पण टॉक्सिक आता बॉसला, ग्रुपला, कशालाही लागतं, त्यामुळे मी घरी सांगितलं तेव्हा आईला वाटलं आमचं भांडण झालंय. "तो माझा फोन रोज तपासायचा आणि मला वेड्यात काढायचा" असं सांगितल्यावर ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

ठाण्याहून:

पुरुषाच्या बाबतीत तर शब्दच हसवणारा आहे. बायकोच्या ताटाखालचं मांजर. मी सहा वर्षं तसा राहिलो आणि कुणाला सांगितलं नाही ते या शब्दामुळे.

वकील, वांद्रे:

ठाणेकर, 2005 चा कायदा स्त्रियांसाठीच आहे, पण क्रूरता हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण आहे, त्यात मानसिक क्रूरता येते आणि ते नवरा-बायको दोघांनाही लागू आहे. बोलायचं असेल तर 14416 या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर समुपदेशक मराठीतही बोलतात.

चौथी सीट:

मी निघालेली बाई आहे, म्हणून लिहिते. 'धीर करणे' हेही बरोबर नाही, शिवडीच्या ताई. मला सगळे म्हणायचे, धीर कर, आणि मला वाटायचं, तेही मला जमत नाही, म्हणजे तो म्हणतो ते खरंच असणार, माझ्यात काही नाहीच. मराठीत आणखी एक रूप आहे: 'धीर होणे'. 'मला धीर होईना', 'मग धीर झाला'. यात मी कर्ता नाही. तो होतो. पण आपोआप नाही झाला. मी आधी दुसऱ्या बँकेत स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं उघडलं, धडधडत्या छातीने. मग आधार कार्ड, मार्कशीट, मुलाचा जन्मदाखला एकेक करून ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये नेला. मग लोकलच्या डब्यातल्या एका बाईला सांगितलं, घाटकोपर ते सीएसएमटी, उभ्या उभ्या. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." त्या दिवशी थोडा धीर झाला. माहेर परळला एका खोलीत, भाऊ-भावजय तिथेच, त्यामुळे तो रस्ता नव्हता. डिपॉझिट जमवायला चौदा महिने लागले. चौदा महिने मी त्याच घरात स्वयंपाक केला. बघणाऱ्याला वाटलं असेल ही धीर धरून आहे.

आणि निघण्याचा शब्द? मी 'सुटले' म्हणते. 'नवरा सोडला' म्हटलं की लगेच लोक विचारतात का सोडला. सुटलं म्हटलं की विचारतात कधी.

एक सांगायचं राहिलं. आपण घरातून बाहेर पडताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. लहानपणापासूनची शिस्त. त्या दिवशी सासूबाई देवापाशी बसल्या होत्या. मुलाचं दप्तर एका हातात, बॅग दुसऱ्या. दारात चपला घालताना 'येते' अगदी ओठांवर आलं. ते गिळलं आणि 'निघते' म्हणाले. त्यांनी वळून पाहिलं. त्यांना कळलं.

गिरगावातली मावशी:

काही म्हणाल्या का त्या?

चौथी सीट:

"पोराला स्वेटर घेतलास का," म्हणाल्या.

शिवडीची:

काल रात्री मैत्रिणीला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. हळू आवाजात, ती गॅलरीत उभी होती. 'काच' दोनदा वाचायला लावलं. 'धीर कर' म्हणायचं मी बंद केलंय. बँकेत पुढच्या बुधवारी जातोय, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. वही माझ्याकडे ठेवलीय. पहिल्या पानावर तिने तारीख घातलीय, खाली लिहिलंय: रात्री पावणेनऊ. मेथीची भाजी. ताट सरकवलं. "हे माणसांनी खायचं?" असं म्हणाले. मुलगी समोर होती. तिनेही आपलं ताट सरकवलं.