इंटरव्ह्यूत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणतात तेव्हा नक्की काय विचारायचं?

वाळूजचं_पोरगं
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, वाळूजला एका प्रेस शॉपमध्ये ३ वर्षं क्वालिटीत आहे. शनिवारी चाकणला एका ऑटो पार्टवाल्यांकडे फायनल राउंड आहे. टेक्निकलचं टेन्शन नाही, ७ क्यूसी टूल्स, एट-डी, एमएसए असल्या क्वालिटीच्या पद्धतींवर सगळं बोलता येतं. गाडी अडते ती शेवटी. मागच्या वेळी साहेबांनी विचारलं एनी क्वेश्चन्स, आणि मी काय बोललो तर "सर कंपनीची बस निगडीपर्यंत येते का". तिघंही हसले, वाईट नाही हसले पण हसले, आणि पुढे फोन काही आला नाही. यूट्यूबवर सांगतात ते "पाच वर्षांत कंपनीचं व्हिजन काय" असलं माझ्या तोंडून निघतच नाही, तीन शिफ्टच्या शॉपमध्ये कोण विचारतं हे? आणि पगाराचं कधी काढायचं?

जुना_गेज
बसचा प्रश्न वाईट नव्हता रे, फक्त पहिला नको होता. २२ वर्षं क्वालिटीत आहे, आता माणसं मीच घेतो. व्हिजनबिजन कोणी विचारलं की मला जांभई येते, कारण उत्तर मलाच माहीत नसतं. कामाचं विचार. ही जागा नवीन आहे का कोणी सोडून गेलं म्हणून भरताय, माझ्याकडे कुठली लाइन येणार, आणि कस्टमरकडून सगळ्यात जास्त कटकट कुठल्या डिफेक्टची होते. हे शेवटचं मला एका पोराने विचारलं होतं, मी म्हटलं वेल्ड नट मिसिंग, तर तो म्हणे पोकायोके, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय, आहे का नुसतं डोळ्यांनीच बघता? खरं सांगायचं तर डोळ्यांनीच बघत होतो. मग नट नसला तर पार्ट फिक्स्चरमधून सुटूच नये असं काय करता येईल म्हणून त्याच्याच बायोडेटाच्या मागे दोघं चित्र काढत बसलो, बाहेर पुढचा कॅन्डिडेट ताटकळत. घेतला त्याला.
पीपीएमचा (दहा लाखांत किती पार्ट खराब) आकडा कोणी सांगितला नाही तर मनाला लावून घेऊ नको, बाहेरच्याला नाही सांगत बरेच जण. त्यापेक्षा शॉप बघू शकतो का विचार. नेलं तर रिजेक्ट मालाचा लाल बिन बघ, कुलूप आहे का, टॅगवर तारीख कधीची आहे. अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

रांजणगाव_रिटर्न
मी काही विचारलं नाही आणि भोगलं. कंपनीचं नाव नको. जॉइन झालो, आठव्या दिवशी कस्टमरच्या प्लांटला रेसिडेंट इंजिनिअर म्हणून रवानगी, ११ महिने तिथेच, आमच्याच कंपनीच्या कँटीनला जेवण कसं असतं ते मला आजतागायत माहीत नाही. रात्री दोनला फोन, लॉट अडकलाय सॉर्टिंगला ये, की गोडाऊनमध्ये टॉर्च घेऊन एकेक ब्रॅकेट फिरवून बघायचं आणि मार्करने ठिपका मारायचा. लेटरवर लिहिलेलं काय, तर क्वालिटी इंजिनिअर. तेव्हा भावा सरळ विचार, बसायचं इथेच का कस्टमरकडे? आणि नाव कंपनीच्या पेरोलवर का काँट्रॅक्टरच्या?

खिडकीतली_एचआर
एचआरमधली आहे, शिव्या नंतर घाला 😄 पगार, शिफ्ट, सुट्टी गुरुवारी का रविवारी, हे सगळं आम्हालाच विचारायचं असतं, टेक्निकल पॅनेलला नाही, त्यांना खरंच माहीत नसतं. आणि सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ऐकून लगेच हो म्हणू नका. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के बहुतेक ठिकाणी त्यातच धरलेले असतात, वर व्हेरिएबल, ते मिळालं तर मिळालं. म्हणून विचारा की हातात महिन्याला किती, आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापता का १५ हजारांवर धरून १८००. बाँड आहे का तेही. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर काय समजायचं ते समजा. रागवत नाही हो कोणी विचारलं म्हणून, जॉइन होऊन महिन्याभरात सोडून गेलात तर मात्र आमची बोंब होते.

वाळूजचं_पोरगं
लय भारी, सगळ्यांचे आभार. रेसिडेंटचं तर डोक्यातच नव्हतं. एक बावळट शंका, प्रश्न लिहून नेले आणि बघून विचारले तर चालतं का? ऐन वेळी विसरतो मी.

जुना_गेज
चालतं की. पण कागदावर लिही, मोबाइलमध्ये नको. मोबाइल गेटवरच सिक्युरिटीकडे जमा होईल.

खिडकीतली_एचआर
आणि बसचं मला विचार, मी नाही हसणार.