मेळघाटातील सहा आठवड्यांची संशोधन इंटर्नशिप: विषय कोणता निवडावा?

रानजाई: नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. पुढील सत्रात धारणी तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात सहा आठवडे राहून नवजात बालमृत्यूंची कारणे शोधावीत, असे मनात आहे. एवढ्या अवधीत हा विषय पेलेल का? तिथली कोरकू भाषा येत नसताना मातांच्या मुलाखती कशा घ्याव्यात?

आकडेमोड: हा विषय पेलणार नाही, हे स्पष्टच सांगतो. आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण २०,००० लोकसंख्येसाठी असते. वर्षाला हजारी २० जन्म धरले, तरी सहा आठवड्यांत पन्नासेक बाळे जन्माला येतील आणि त्यांतले मृत्यू, सुदैवाने, एखाददुसराच असेल. त्यावरून कारणांविषयी काहीही म्हणता येणार नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने आरोग्यदूतांमार्फत ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा निष्कर्ष हाती यायला काही वर्षांची नोंद लागली. त्याऐवजी आशांच्या (गावातील आरोग्य कार्यकर्त्यांच्या) नवजात बाळांसाठीच्या गृहभेटींचा विषय घ्यावा. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट अपेक्षित असते. त्यांपैकी कोणत्या भेटी होतात, कोणत्या राहतात आणि का, हे सहा आठवड्यांत नीट पाहता येईल.

पाड्यावरची ताई: वरील सूचना योग्य आहे, पण एक काळजी घ्यावी. भेटी पूर्ण झाल्या की आशाला मोबदला मिळतो. त्यामुळे तिलाच दुभाषी करून तिच्यासमोर ‘ताई घरी आल्या होत्या का?’ असे विचारले, तर माता ‘नाही’ म्हणणार नाही. दुभाषी दुसऱ्या गावातील कोरकू महिला असावी. त्याच वेळी, आपण तपासणीला आलेलो नाही, हे आशाला पहिल्याच दिवशी सांगावे. एखाद्या दिवशी तिच्यासोबत हिंडून वजन कसे घेतले जाते ते पाहावे: काटा शून्यावर आणला का, बाळ झोळीत ठेवण्यापूर्वी झोळीचे वजन वजा झाले का, आकडा काटा स्थिरावल्यावर वाचला का. २,५०० ग्रॅमच्या आसपासच्या बाळाची नोंद कमी वजनाची होणार की नाही, हे अशा वेळी शंभर ग्रॅमवर ठरते. शिवाय दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. त्या काळात गेल्यास घरे बंद आढळतील, आणि स्थलांतरित मातांच्याच भेटी राहिलेल्या असतील.

रानजाई: मनःपूर्वक आभार. विषय बदलते. मुलाखतीच्या वेळी बाळ आजारी दिसले, तर संशोधक म्हणून हस्तक्षेप करावा का?

आकडेमोड: निःसंशय करावा. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, अंग गार पडणे, दूध न ओढणे, यांपैकी काहीही दिसले तर प्रश्नावली बाजूला ठेवून त्याच क्षणी आशा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. आपल्या अभ्यासाचा नमुना त्यामुळे बिघडला तरी बिघडू द्यावा. बाळाला कोठे आणि कोणत्या वाहनाने न्यायचे, हे आधीच ठरवून नैतिकता समितीकडच्या प्रस्तावात लिहावे. समितीची मंजुरी मिळेपर्यंत एकही मुलाखत घेऊ नये. निरक्षर मातेच्या संमतीसाठी अंगठ्याच्या ठशासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. ती आशाची नसावी.