कोकणात घर घेऊन भाड्याने देणं : नव्याने उतरणाऱ्यांसाठी आपापले अनुभव लिहा

सुरंगीचा_गजरा
काल पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याला रत्नागिरीत वन बीएचके घ्यायचाय, राहायला नाही, भाड्याने द्यायला. "मावशी, तुमच्याकडे कायम बिऱ्हाडं असतात, काय बघू सांग." बोलता बोलता माझ्या सासूबाई आठवल्या. दापोलीला कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना त्या मागच्या खोल्या द्यायच्या. नवीन मुलगा आला की त्याच्या वडिलांना आधी विहिरीवर न्यायच्या, कठड्यावर वाकून पाणी दाखवायच्या आणि म्हणायच्या, "मे महिन्यात एवढंसुद्धा राहात नाही. माणशी दोन बादल्या मिळतील. चालत असेल तर सामान उतरवा." त्यांच्याकडची मुलं कधी भांडून गेली नाहीत.

भाच्याला मी तेच सांगितलं. एजंट घर दाखवतो डिसेंबरात, तेव्हा कोकणातलं कुठलंही घर छानच दिसतं. आपण ते मे अखेरीला बघायचं आणि परत जुलैत, चार दिवस झड लागलेली असताना. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघायचा.

दुसरं म्हणजे राहणार कोण ते आधी ठरवा. रत्नागिरीत बँकवाले, कोर्टातले, शिक्षक, हॉस्पिटलातले लोक भाड्याने राहतात. बदल्या होतात उन्हाळ्यात, कॉलेजं सुरू होतात जूनमध्ये. मे-जूनमध्ये घर तयार नसेल तर पुढे बरेच महिने कुलूप.

आणि हिशोब कागदावर मांडा. समजा ३० लाखांचा फ्लॅट, भाडं ८ हजार. वर्षाचे ९६ हजार, म्हणजे ३.२ टक्के. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, रंग, आणि एखादा महिना रिकामा जाणार तो वजा करा. २४ लाख कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलं तर हप्ताच २० हजारांच्या वर जातो. भाड्यातून हप्ता फिटेल असं जो सांगतो त्याला हा कागद दाखवा.

तुमचे अनुभव लिहा. मी भाच्याला हा धागा पाठवणार आहे.

खाडीपलीकडे
करार!!! आधी करार. "अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" हे जिकडे तिकडे ऐकू येतं. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५ : करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी देणारा करार) नोंदवलेलं असेल तर कलम २४ कामी येतं. मुदत संपून घर सोडलं नाही तर दुप्पट शुल्काने भरपाई मागता येते.

खर्च फार नाही. पाच वर्षांपर्यंतच्या करारावर एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक, अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. नोंदणी फी शहरात १०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००.

भरतीची_वेळ
@खाडीपलीकडे हे मला आजच कळलं. आमच्या वाडीत सगळे स्टॅम्प पेपरवर सह्या करतात न् गप बसतात. कुकर झाला, नंतर सविस्तर लिहिते

वाशिष्ठीकाठ
चिपळूणकर. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडे भाड्याचं गणितच बदललं. बाजारपेठेतला तळमजला स्वस्त मिळतोय म्हणून बाहेरचे लोक घेतात. घेण्याआधी शेजारच्या दुकानदाराला एकच विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं? तो बोट ठेवून दाखवेल. आमच्या जिन्यात अजून रेघ आहे, रंग काढताना तेवढी मुद्दाम ठेवली.

पुरानंतर आम्ही मीटर पहिल्या मजल्यावर नेले, खालचे प्लगपॉइंट सगळे डोक्याच्या उंचीवर घेतले. सुतारकाम खाली काही ठेवलंच नाही, कडाप्पा आणि लोखंडी मांडणी. भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगतो की रेड अलर्ट आला की गाडी वरच्या बाजूला लावा आणि कागदपत्रांची पिशवी आमच्याकडे आणून ठेवा. खालच्या मजल्यावर तेव्हा एक शिंपीकाका होते. त्यांची मशीन, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं चिखलात. त्यांच्याकडून भाडं मागायचा विचारही वडिलांनी मनात आणला नाही. पुढे ते स्वतःच येऊन थोडं थोडं द्यायला लागले. आजही तिथेच आहेत.

सुरंगीचा_गजरा
वाशिष्ठीकाठ, वाचून गलबलून आलं. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

भरतीची_वेळ
माझी मामी तेव्हा गच्चीवर होती रात्रभर. मोबाईल बंद. तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो

वाशिष्ठीकाठ
@भरतीची_वेळ कुठल्या भागात? आमच्या गच्चीवर पण शेजारची मंडळी होती

भरतीची_वेळ
शिवनदीच्या बाजूला

देवबागचो_झील
माका सगळे इचारतत, तारकर्लेक रूम बांधून भाड्याक दिल्यार किती सुटतत. तर बाबांनो, दिवाळी ते मे हो सगळो खेळ. पावसात स्कूबा बंद, होडये बंद, मगे कोण येतलो?

आता जरा प्रमाण मराठीत लिहितो, बाहेरच्यांना कळायला पाहिजे. पर्यटकांना रोजाने खोली देणं आणि बिऱ्हाड ठेवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्यात रोज चादरी, रोज मासे, रोज कोणाचा तरी फोन "गीझर चालू होत नाही". तिथे माणूस राहणारा लागतो. सरकारच्या न्याहारी निवास योजनेतही मालकाने तिथेच राहायचं ही कल्पना आहे, मुंबईत बसून ते होत नाही. आमच्याकडे आई आणि बायको हे दोन खांब आहेत, त्यांच्या कामाचे पैसे लावले तर फायदा निम्मा दिसेल. तेही हिशोबात धरा रे.

मग खारं वारं. साध्या लोखंडाची खिडकी किनाऱ्यावर टिकत नाही. स्टीलसुद्धा ३०४ ग्रेडचं डागतं, ३१६ मागा, महाग पडतं पण गंजाला पुरून उरतं. एसीचा बाहेरचा भाग समुद्राच्या तोंडावर लावू नका, मागच्या भिंतीला लावा आणि मधून मधून गोड्या पाण्याने धुवा. वापरलेलं घर घेत असाल तर स्लॅबचा खालचा भाग बघा. प्लास्टर फुगलेलं, तांबूस ओघळ आलेले, म्हणजे आत सळी गंजायला लागली. वरून रंग मारून देतात.

सातबारा_बघितला_का
आणि सीआरझेड (किनाऱ्याजवळच्या बांधकामांवरचे नियम)? समुद्र दिसतोय म्हणून जागा घेतात लोक. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास पट्टा हे १९९१ पासून आहे. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना तो ५० मीटरवर आणलाय, पण ते त्या किनाऱ्याचा सीआरझेड आराखडा मंजूर झाल्यावर लागू होतं. जागा नकाशावर कुठे पडते ते बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. बांधकाम पाडायची नोटीस मालकाच्या नावाने येते, एजंटच्या नाही.

तसंच शेतजमीन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही (१९४८ चा कूळकायदा, कलम ६३). "फार्महाऊस प्लॉट, नंतर एनए (बिनशेती) करून देऊ" अशा जाहिराती येतात. नंतर म्हणजे कधी ते विचारा, आणि लेखी मागा. सातबाऱ्यावर इतर हक्कात काय लिहिलंय ते वाचा. कुळाचं नाव, बोजा, बहिणींचे हक्क सगळं तिथे असतं. फ्लॅट असेल तर महारेरा क्रमांक (बिल्डरच्या प्रकल्पाची सरकारी नोंदणी) आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) बघा.

हर्णैची_पोर
काका तुमचं नाव वाचूनच मला वडील आठवले, ते लग्नाच्या स्थळालाही सातबारा विचारायचे 😄

सातबारा_बघितला_का
शहाणे होते ते 🙏

खेड_ते_कुवेत
मी बाहेर असतो. गावचं घर वडिलोपार्जित, सातबाऱ्यावर चुलते, आत्या, त्यांची मुलं. भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा मोठ्या चुलत्यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं, कोणाच्या वाटणीच्या खोल्या, भाडं कोणाच्या खात्यात, दुरुस्ती कोण करणार हे लिहून घेतलं, मग भाडेकरू आणला. त्यामुळे घरात आजपर्यंत वाद नाही. सामाईक घर असेल तर हे आधी करा, पैसे यायला लागल्यावर कोणी बसत नाही.

माझ्यासारख्यांसाठी दोन गोष्टी. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, फार्महाऊस, बागायत विकत घेता येत नाही, वारसाने मिळालेली ठेवता येते. आणि मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो, भाडं कितीही असो. भाडेकरूला हे माहीत नसतं, आपण सांगायचं.

सावंतवाडीकरीण
गणपती!! कोणी लिहिलंच नाही. गावचं घर भाड्याने देताय ना, मग गणपती कुठे बसणार? आमच्या आत्येने माजघर आणि देवाची खोली कुलपात ठेवली, बाजूच्या दोन खोल्यांना बाहेरून वेगळं दार पाडलं, न्हाणीघर वेगळं बांधलं आणि मगच बिऱ्हाड ठेवलं. करारातच लिहिलंय की चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून विसर्जनापर्यंत अंगण, विहीर आणि माजघर मालक वापरणार. भाडेकरू एक शिक्षक आहेत, घाटावरचे. पहिल्या वर्षी माटवीला (गणपतीच्या वर टांगतात ती चौकट) काय काय बांधतात ते विचारत विचारत त्यांनी स्वतःच कवंडाळं आणि हरणं ही रानफळं-रानफुलं आणून दिली रानातून. आता आरतीला त्यांचीच मुलं झांजा घेऊन पुढे असतात.

हर्णैची_पोर
किती गोड 😍 आणि गणपतीची रेल्वे तिकिटं काढलीत का सगळ्यांनी?

सावंतवाडीकरीण
कसली तिकिटं ग. आरक्षण उघडलं की वेटिंग. आता ६० दिवस आधीच उघडतं ना, पूर्वी १२० होते

देवबागचो_झील
एसटी आसा गो. जादा गाडये सोडतत

पडवीत_बसून
श्रीवर्धनजवळचं गाव. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमचं भाड्याचं घर आणि राहतं घर दोन्हींची कौलं गेली, सुपारीची बाग आडवी. कौलं मिळेनात, पत्रे मिळेनात, वीज कितीतरी दिवस नाही. भाडेकरू आरोग्य केंद्रातले, ते दिवसभर ड्युटी करून संध्याकाळी आमच्याबरोबर छपरावर ताडपत्री बांधायला चढायचे. म्हणून सांगते, भाडं ५०० रुपयांनी कमी आलं तरी चालेल, माणूस बघून घर द्या.

कौलारू घर असेल तर दर वर्षी पावसाआधी शाकारणी (कौलं काढून नीट परत लावणं), वाशांना वाळवी लागलीय का ते टोचून बघणं, पन्हळी साफ करणं, हा खर्च धरायचाच. आणि विमा. घराचा विमा कोकणात फार थोडे लोक काढतात. वादळ-पूर त्यात येतं का ते वाचून घ्या.

ओरोसची_सिस्टर
मी भाडेकरू आहे, तरी लिहू का? सिंधुदुर्गनगरीत नोकरी. पूर्वीच्या एका घरी मालक स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत यायचे, "टाकी बघायला". मी रात्रपाळी करून झोपलेली असायचे. फार भीती वाटायची, कोणाला सांगायची सोय नव्हती. सोडताना अनामतही पूर्ण दिली नाही, भिंतीला ओल आली ती माझ्यामुळे म्हणे.

नव्याने घर देणाऱ्यांना हात जोडून सांगते, येण्याआधी फोन करा. घर ताब्यात देताना दोघांनी मिळून फोटो काढा, भिंती, नळ, पंखे, मीटरचा आकडा. अनामत किती दिवसांत परत मिळेल ते करारात लिहा. आताच्या मालकीणबाई हे सगळं करतात. मी इथून हलणार नाही, आणि हॉस्पिटलातल्या दोघींना त्यांच्याच वरच्या खोल्या मिळवून दिल्या.

सुरंगीचा_गजरा
लिहू का काय विचारतेस ग, लिहायलाच हवं होतं. भाच्याला तुझा प्रतिसाद पहिला वाचायला सांगणार.

खाडीपलीकडे
सिस्टर, कलम ५५ तुमच्या बाजूने आहे हे लक्षात ठेवा. नोंदवलेल्या कराराची प्रत मागून घ्यायची, लाजायचं नाही. आणि मालकांनी भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, ऑनलाइनही भरता येते.

भरतीची_वेळ
आले परत. मुलांचा अभ्यास घेत होते. कराबद्दल कोणी सांगाल का, भाडं आलं की सगळ्यावर कर?

खाडीपलीकडे
नाही. मिळालेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट दुरुस्तीबिरुस्तीसाठी, पावत्या लागत नाहीत. उरतं ते उत्पन्नात. घरपट्टी ज्या वर्षी भरली त्याच वर्षी वजा होते, म्हणून थकवू नका.

भरतीची_वेळ
अरे वा. अजून एक, मी ठाण्यात, भाडेकरू मालवणात. दोघांनी एकाच वेळी ऑफिसात जायचं का नोंदणीला?

खाडीपलीकडे
गरज नाही. ई-नोंदणी होते, आधारवर. दोघांचे अंगठे आणि फोटो वेगवेगळ्या ठिकाणी घेता येतात, अधिकृत सेवा देणारा घरीही येतो. साक्षीदारांचंही तसंच.

भरतीची_वेळ
पण घर आईच्या नावावर आहे. आयुष्यभर भात लावणी केलीय, अंगठा मशीनवर उमटतच नाही तिचा. रेशनलाही हाच त्रास.

खाडीपलीकडे
मग ई-नोंदणीच्या मागे लागू नका. दुय्यम निबंधक कार्यालयात नेहमीसारखा दस्त नोंदवता येतो. सकाळी लवकर जा, आईंना बसायला जागा मिळेल.