बेडार्डचा 'मिशिगन' गोल: पक ब्लेडवर टिकतो कसा, आणि हे नियमात बसतं का?

रिंकवरची_आई

२३ डिसेंबर २०२३ ला सेंट लुईसमध्ये आइस हॉकीत शिकागोच्या कॉनर बेडार्डने गोलरक्षक (गोली) जॉर्डन बिनिंग्टनवर केलेला गोल इथल्या बहुतेकांनी पाहिला असेल. वय १८, एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) पहिलाच हंगाम. जाळ्याच्या मागे पक (रबराची चकती) बर्फावरून स्टिकच्या ब्लेडवर, म्हणजे खालच्या चपट्या भागावर, घेतला आणि खांबाला वळसा घालून वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. शिकागो तो सामना ७-५ असा हरलं, पण लक्षात राहिला तो हा गोल. या युक्तीलाच 'मिशिगन' म्हणतात.

मुलगा १२ वर्षांचा आहे, उजव्या हाताचा (ब्लेड उजव्या बाजूला ठेवून खेळणारा), आणि सध्या घरात दुसरा विषय नाही. तेव्हा प्रश्न असे:

पक ब्लेडवर चिकटल्यासारखा राहतो, त्यामागे नक्की काय आहे? स्टिक इतकी वर जाते तर हाय स्टिक (स्टिक फार उंच नेल्याचा नियमभंग) का नाही देत? एवढ्या मोठ्या पॅडवाल्या गोलीला हे अडवता का येत नाही? आणि सराव करायचाच तर कुठून सुरुवात करावी?

---

तिसरी_लाईन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, नियमांचं जाणकार सांगतीलच.

पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची कडक रबराची चकती. वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम. तो ब्लेडवर 'चिकटत' नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकापाठोपाठ होतात आणि व्हिडिओत त्या एकच वाटतात.

पहिली, उचलणं. पक थांबलेला हवा. ब्लेड पकच्या वर आणायचं, फोरहँडची बाजू (जिने नेहमी फटका मारतात ती) बर्फाकडे, टाच उचललेली, टोक खाली. टोकाजवळचा भाग पकच्या पलीकडच्या कडेवर टेकवायचा. मधोमध अजिबात नाही. मग खाली दाब आणि स्वतःकडे किंचित ओढ, दोन्ही एकदम. कड दबते, पक उसळून उभा होतो आणि फोरहँडच्या बाजूला लागतो. त्याच क्षणी वरच्या हाताचं (स्टिकच्या वरच्या टोकाला धरलेल्या) मनगट फिरवून ब्लेड पकच्या खाली घालायचं. तव्यावरच्या घावनाखाली उलथणं सारतात तसं: हळू सारलं तर घावन पुढे सरकतं, झटक्यात सारलं तर वर येतं.

दुसरी, धरून ठेवणं. ब्लेड सरळ रेषेत नेलं तर पक पडणारच. ते गोलाईत न्यायचं आणि ब्लेडची फोरहँड बाजू त्या गोलाईच्या आतल्या बाजूला वळलेली ठेवायची. मग पकला सरळ जायचं असतं, ब्लेड त्याला वळवत असतं, आणि त्या दाबामुळे रबर आणि कापडी टेप यांच्यातलं घर्षण पकचं वजन पेलतं. ढोबळ हिशोब करून बघा: ब्लेड पूर्ण उभं, गोलाईची त्रिज्या ७० सेंटिमीटर, घर्षणगुणांक ०.७ धरला, तर पक न घसरण्यासाठी सेकंदाला साधारण ३ मीटर वेग लागतो. ताशी ११ किलोमीटर, फार नाही. ब्लेड थोडं आडवं ठेवलं तर याहूनही कमी चालतो. पण मध्ये कुठेही हात थबकला की संपलं. पडणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पक इथेच पडतो: उचलणं जमतं, मग 'आला का' हे बघायला हात अर्धा क्षण थांबतो.

आता जागा. उजव्या हाताच्या खेळाडूने जाळ्यामागे उभं राहून मैदानाकडे तोंड केलं तर त्याच्या उजवीकडचा खांब हा त्याचा खांब. फोरहँडची बाजू डावीकडे बघते, त्यामुळे त्याच खांबाला बाहेरून वळसा घालून पक आत जातो. डाव्या खांबावर करायला गेला तर बॅकहँड (ब्लेडची उलटी बाजू) लागेल, नाद सोडा. आणि जाळ्याच्या बरोब्बर मागे उभं राहायचं नाही. एनएचएलने २०१३-१४ पासून जाळ्याची खोली ४४ इंचांवरून ४० वर आणली, तरी तो एक मीटर पार करून मग खांबाला वळसा घालायचा म्हणजे हात अपुरे पडतात. मागच्या कोपऱ्याच्या बाजूला, खांबापासून साधारण स्टिकभर अंतरावर उभं राहायचं.

---

शिट्टी_आणि_पट्टे

नियमात दोन वेगळ्या रेषा आहेत आणि लोक त्यांची हमखास खिचडी करतात.

पहिली रेषा खांद्याची. पक ब्लेडवर घेऊन खांद्याच्या सर्वसाधारण उंचीच्या वर नेला तर एनएचएलमध्ये खेळ थांबतो. लॅक्रॉससारखा पक झुलवत नेण्याचा उल्लेख नियमात थेट आहे. पेनल्टी शॉटवर किंवा शूटआउटमध्ये असं केलं तर तो प्रयत्न तिथेच संपला असं धरतात.

दुसरी रेषा क्रॉसबारची (जाळ्याच्या वरच्या आडव्या दांडीची), बर्फापासून ४ फूट. गोल होताना पकचा ब्लेडशी स्पर्श या उंचीला किंवा खाली हवा. बघायचं ते स्पर्शाची जागा. स्टिकचा दुसरा भाग वर असला तरी चालतो. शंका असेल तर व्हिडिओ पाहून ठरवतात.

म्हणजे वाटेत खांद्याच्या खाली, शेवटी क्रॉसबारच्या खाली. बेडार्डचा गोल दोन्हींत बसतो.

क्रॉसबारची रेषा स्पष्ट दिसते ती झेग्रसच्या पासमध्ये. ७ डिसेंबर २०२१, बफेलोविरुद्ध. ट्रेव्हर झेग्रस तेव्हा नवखाच होता. त्याने जाळ्यामागून पक असाच उचलला, पण खांबाला वळसा न घालता जाळ्यावरून पुढे उडवला आणि सनी मिलानोने तो हवेतल्या हवेत आत मारला. तिथे प्रश्न झेग्रसच्या स्टिकचा नव्हताच, मिलानोची स्टिक पकला कुठल्या उंचीवर लागली हा होता.

धागाकर्तीसाठी एक महत्त्वाचं. १५० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा खांदा स्केट्ससकट साधारण १२८-१३० सेंटिमीटरवर येतो. क्रॉसबार १२२ वर. एनएचएलच्या सहाफुटी माणसाला दोन रेषांमध्ये फूटभर जागा मिळते, तुमच्या मुलाला चार बोटं. वाकून उभं राहिल्याने काही फरक पडत नाही, कारण नियमात खांद्याची 'सर्वसाधारण' उंची धरतात. आणि मुलांच्या लीगचे नियम एनएचएलचे नसतात, सामन्यात करण्याआधी प्रशिक्षकांकरवी तिथल्या पंचांना विचारून ठेवा. ब्लेड कुणाच्या तोंडाला लागलं तर गोल राहिला बाजूला, दोन मिनिटं बाहेर. जखम झाली तर एनएचएलमध्ये चार.

---

क्रीजवाला

गोलीची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

पक जाळ्यामागे गेला की आजकालचा गोली 'रिव्हर्स व्हीएच'मध्ये जातो: खांबाजवळचा पॅड बर्फावर आडवा, त्या पायाचा स्केट खांबाला टेकलेला, दुसरा पाय उभा, अंग खांबावर रेललेलं. खालून सरपटत येणाऱ्या पकसाठी हे उत्तम, आणि जाळ्यामागून होणारे बहुतेक गोल तसेच असतात. किंमत मोजावी लागते ती वर: खांदा, कान आणि क्रॉसबार यांच्यामधल्या तिकोनी फटीत. हा गोल त्या फटीसाठीच शिवलेला आहे. त्यात उजव्या हाताचा खेळाडू येतो गोलीच्या उजव्या खांबावर. डाव्या हाताने झेलणाऱ्या गोलीचा तिकडे ब्लॉकर (ढालीसारखा हातमोजा) असतो, आणि ब्लॉकरच्या हातात स्टिक असल्याने तो हात आधीच खाली गुंतलेला.

पक बर्फावरून उठलेला दिसला की बसून राहण्यात अर्थ नाही. उठा, खांदा खांबाला लावून क्रॉसबारपर्यंत फट बुजवा, ब्लॉकर कानाशी. धोका हा की समोरच्याने पक परत खाली टाकून साधा रॅपअराउंड (खांबाला वळसा घालून बर्फालगत मारलेला फटका) मारला तर पाय उघडे. म्हणून हातांकडे बघायचं: वरच्या हाताचं कोपर छातीपासून बाहेर फेकलं गेलं की तो उचलणार. जाळं ढकलून हलवणं हा उपाय नाही, मुद्दाम केलं तर दोन मिनिटं.

खरं तर हे काम डिफेन्सचं आहे. हा माणूस एका जागी उभा, नजर पकवर, दोन्ही हात गुंतलेले. त्याच्या खालच्या हाताजवळ स्टिकवर स्टिक ठेवली तरी खेळ खलास. बेडार्डला तो वेळ मिळाला म्हणून झालं.

---

निळी_रेघ

सगळं ठीक, पण 'नवख्याचा भन्नाट गोल' म्हणाल तर माझं मत अजूनही वॉशिंग्टनच्या ओव्हेच्किनला. १६ जानेवारी २००६, ग्लेंडेल, फीनिक्सविरुद्ध. फीनिक्सचा पॉल मारा अंगावर, ओव्हेच्किन खाली पडून पाठीवर घसरतोय, तोंड जाळ्यापासून दुसरीकडे, आणि डोक्यावरून स्टिक मागे नेऊन त्याने पक गोली बूशेच्या मागे ओढून घातला. वॉशिंग्टन ६-१ जिंकलं, आणि फीनिक्सचा प्रशिक्षक कोण, तर हॉकीचा दिग्गज वेन ग्रेट्झ्की! त्या हंगामात ५२ गोल, १०६ गुण आणि क्रॉस्बीसारखा नवखा समोर असताना काल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवख्याची). तो गोल ठरवून कुणी करू शकत नाही. मिशिगन ही पाठ केलेली करामत आहे.

---

तिसरी_लाईन

@निळी_रेघ, पाठ केलेली आहेच, त्यात कमीपणा कसला? माइक लेगने २४ मार्च १९९६ ला मिशिगन विद्यापीठाकडून मिनेसोटाविरुद्ध केला तेव्हाही तो घोटवून आला होता, आणि मूळ युक्ती बिल आर्मस्ट्राँगची. एनएचएलच्या सामन्यात पहिल्यांदा झाला तो थेट २९ ऑक्टोबर २०१९ ला, स्वेच्निकोव्हकडून, कॅल्गरीविरुद्ध. तेवीस वर्षं सगळ्यांना माहीत असून कुणाला जमला नाही, कारण करामत सोपी आणि जागा मिळणं अवघड. ओव्हेच्किनचा गोल शिकवता येत नाही, आणि इथे प्रश्न शिकण्याचा आहे.

---

रिंकवरची_आई

सगळ्यांचे आभार. आणखी दोन शंका. त्याची स्टिक ५० फ्लेक्सची (दांडा किती ताठ याचा आकडा) ज्युनिअर आहे, कर्व्ह (ब्लेडच्या वळणाचा प्रकार) पी९२. बदलावी लागेल का? आणि उन्हाळ्यात दोन महिने आम्ही पुण्यात असतो, तिथे बर्फ नाही. फरशीवर सराव केला तर सवय बिघडेल का?

---

तिसरी_लाईन

फ्लेक्सचा या गोलाशी संबंध नाही, इथे शाफ्ट (दांडा) वाकतच नाही. नेहमीच्या खेळासाठी मुलाचं वजन पौंडांत घेऊन निम्मं करा, तेवढा फ्लेक्स असला की झालं.

कर्व्हचा फरक पडतो, पण नवी स्टिक घ्यावी इतका नाही. पी२८ चं वळण टोकाकडे असतं, पक तिथे अडकून राहतो, त्यामुळे उचलणं सोपं. पी९२ चं वळण मधोमध, म्हणून उभा झालेला पक टोकाकडे न ठेवता एक-दीड इंच आत घ्यायला शिकवा. टेपकडे जास्त लक्ष द्या. कापडी टेप टाचेपासून टोकापर्यंत, टोक पूर्ण झाकलेलं, वर पातळ मेण. मेण नसेल तर बर्फाचा चुरा टेपवर बसतो, ओला होतो आणि पक साबणासारखा निसटतो. रिंकवर दर थोड्या वेळाने ब्लेड पुसायचं.

फरशीचं म्हणाल तर क्रम महत्त्वाचा. गच्चीच्या खडबडीत सिमेंटवर सगळ्यात सोपं, कारण खालून पक धरला जातो. कडेवर दाबलं की उसळतोच. पण तिथे जमलं म्हणजे बर्फावर जमेल असं नाही; बर्फावर खालची पकड जवळजवळ शून्य, दाब तिरका पडला की पक पळतो. म्हणून पहिले काही दिवस सिमेंट, फक्त मनगटाचा फेरा बसवायला. मग गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, ती बर्फाच्या बरीच जवळ जाते. सिमेंटवर टेप दोन दिवसांत फाटते, जुनी स्टिक वापरा.

पक खराच हवा, ६ औंसांचा. इनलाइनचे (चाकांच्या स्केट्सवरच्या हॉकीचे) प्लॅस्टिकचे पक हलके, खाली छोटी बटणं असलेली, कडेवर दाबले की नुसते घरंगळतात. आणि पुण्याच्या मे महिन्यात रबर गरम होऊन चेंडूसारखं उसळतं, सगळा अंदाज चुकतो. दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवून काढा. एनएचएलमध्येही पक गोठवूनच आणतात, उसळू नये म्हणून.

सरावात आधी नुसतं उचलणं, पक ब्लेडवर उभा राहून गुडघ्याच्या उंचीपर्यंत आला की थांबायचं. दहातले आठ जमले की मग गोलाईत फिरवणं, कमरेच्या वर न नेता. खांब सगळ्यात शेवटी: १२२ सेंटिमीटरवर आडवी दोरी बांधा, खाली खुर्चीचा पाय खांब समजा. बहुतेक मुलं पहिल्यांदा खांबावरच ब्लेड आपटतात, कारण वळसा लवकर घेतात. ब्लेडचं टोक खांबाच्या पुढे गेलेलं दिसेपर्यंत हात बाहेरच ठेवायचे.

---

शिट्टी_आणि_पट्टे

यात एक भर. अमेरिकेत १२ वर्षांखालच्या गटात बॉडी चेकिंग (अंगाने धडक देणं) नाही, त्यामुळे आत्ता त्याला जाळ्यामागे निवांत वेळ मिळेल. १४ वर्षांखालच्या गटात गेल्यावर तीच जागा, मान खाली आणि हात वर, म्हणजे धडकेला आमंत्रण. पक उचलण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायची सवय आत्ताच लावा. आणि पुण्यातही जाळीचं हेल्मेट घालूनच, बघणारी भावंडं असतील तर त्यांना स्टिकच्या पल्ल्याबाहेर, पाठीमागे उभं करा. फेरा चुकला की पक नेमका तोंडाच्या उंचीवर सुटतो, आणि तो समोर किंवा डावीकडेच जातो.